अर्ध्या तुटलेल्या कंडरेचे सर

सरांच्या हाती कुठलीही लांबट वस्तू लागली, की ते तिची दोन टोकं धरून ओढत. रबरबँड, सुतळी, पुड्याचा दोरा, कँटीनमधली चपाती, काहीही. ओढता ओढता मान तिरकी करून ते ऐकत. चपाती फाटताना आवाज येतो अशी त्यांची श्रद्धा होती आणि तो आम्हाला ऐकू येत नसेल तर दोष आमच्या कानांचा. एकदा मी नवी पर्स घेऊन आले. सरांनी न विचारता तिचा पट्टा हातात घेतला, ओढला आणि समाधानाने म्हणाले, "बघा मॅडम, पहिला टाका गेला, पण पट्टा गेला नाही." एवढं म्हणेपर्यंत पट्टाही गेला. त्यावर त्यांनी पर्स परत दिली आणि ज्याने शिवली त्याला नावं ठेवली.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका उघड्या माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. खासगी कॉलेजं भराभर निघत होती तेव्हाची गोष्ट. पाटी मोठी होती, इमारत व्हायची होती, तोवर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरत. मी फिजिक्स शिकवायची. सर अप्लाइड मेकॅनिक्स शिकवायचे, म्हणजे कशावर किती भार टाकला की ते कधी मोडतं, ते. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठे, बुटके, कपाळ भव्य, आणि त्या कपाळामागे एक पीएच.डी. वर्षानुवर्षं चाललेली. त्यांचे पहिले गाईड निवृत्त झाले, दुसरे वारले आणि तिसरे सरांहून वयाने लहान होते, म्हणून सर त्यांना भेटायचंच टाळत.

विषय होता अर्धवट तुटलेल्या कंडरा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी पांढरी, चिवट दोरी. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती. आधी ते लोखंडी दोरखंडांवर काम करत होते. मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की खेळाडूंच्या कंडरा अर्ध्याच तुटतात आणि मग त्या किती भार पेलतील ते कुणाला नीट सांगता येत नाही. सरांना वाटलं, जग आपल्यासाठीच थांबलंय.

कल्पना वाईट नव्हती, एवढं मान्य करायला हवं. कंडरेत हजारो बारीक तंतू असतात आणि ते एका मऊ चिकट पदार्थाने एकमेकांना धरलेले असतात. एखादा तंतू तुटला, तर तुटलेल्या जागी तो सैल पडतो. पण जरा दूर गेल्यावर शेजारचे तंतू त्याला आपल्याबरोबर ओढून घेतात आणि तोही पुन्हा भार उचलायला लागतो. म्हणून अर्धी कंडरा तुटली म्हणजे अर्धी ताकद गेली, असं होत नाही. बरीच शिल्लक राहते. हे सरांनी समीकरणांत बसवलं होतं. "अर्धं तुटलं म्हणजे अर्धं संपलं, असं फक्त अडाणी समजतात," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की कँटीनवाला कान तुटलेल्या कपात चहा देताना तेच म्हणून दाखवायचा.

समीकरणं झाली, आता पुरावा हवा होता. माणसाची कंडरा कोण देणार? म्हणून बकऱ्याची. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात एक खाटीक होता. सर त्याच्याकडे जायचे, नाकाला रुमाल लावून उभे राहायचे आणि मटण नको, फक्त पायातली पांढरी दोरी द्या, असं सांगायचे. सरांच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. खाटकाला वाटलं, हा माणूस कुणावर तरी करणी करतोय. त्याने दोऱ्या फुकट दिल्या आणि पुन्हा येताना मागच्या दाराने या म्हणून विनवलं.

कॉलेजमधलं ओढण्याचं यंत्र लोखंडाच्या सळया तोडण्यासाठी होतं. त्यात बकऱ्याची कंडरा लावली, की यंत्राला ती लावल्याचं कळायचंही नाही. काटा जागचा हलत नसे. शिवाय कंडरा ओली आणि बुळबुळीत. पकडीतून साबणासारखी निसटायची आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या शर्टावर जाऊन बसायची. मग सरांनी कॅम्प दोनमधल्याच एका सिंधी वर्कशॉपवाल्याकडून खास पकडी करून घ्यायला सुरुवात केली. दातेवाल्या, मग सँडपेपरच्या, मग बर्फात गोठवायच्या. तो वर्कशॉपवाला मिश्कील होता. चौथ्यांदा पकड बदलायला गेले, तेव्हा मी सरांबरोबर होते. तो हातातली कानस खाली न ठेवताच म्हणाला, "साईं, बकरा तो मर गया. अब उसकी टांग क्यों खींच रहे हो?" सर हसले नाहीत. परतताना रिक्षात त्यांनी मला समजावलं, की व्यापारी जमातीला मूलभूत संशोधन कळत नाही. पकडी मात्र त्यानेच नीट करून दिल्या.

आता नमुने ठेवायचे कुठे? सरांची बायको बदलापूरच्या शाळेत शिकवायची. मी त्यांना वहिनी म्हणायची. त्या कमी बोलायच्या. त्यांच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी सरांनी पिशवी ठेवली, त्या संध्याकाळी वहिनींनी फ्रीजचं दार उघडं ठेवून सरांना फक्त बोलावलं. काय बोलणं झालं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सर ती पिशवी घेऊन कॉलेजमध्ये आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, तुमच्याकडे फ्रीज आहे ना? नमुने ठेवाल का? तुमच्याकडे काय, चालतंच."

हे "तुमच्याकडे" मी लहानपणापासून ओळखते. ते पत्त्याबद्दल नसतं. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. वडील फॅक्टरीत होते, फ्रीज नुकताच आला होता आणि त्यावर आईने विणलेला रुमाल होता. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पुष्कळ गोष्टी बदलल्या. सरांसारख्यांच्या डोक्यातला आमचा पत्ता तेवढा बदलला नव्हता. पण सर इतक्या निरागसपणे उभे होते, की अपमान केलाय हे त्यांना समजावून सांगायलाच तासभर लागला असता आणि माझा पुढचा तास होता. मी पिशवी घेतली.

आईने ती उघडून पाहिली. "आपल्याकडे खायचं मटण चालतं," ती म्हणाली. "अभ्यासाचं नाही चालत." तरी माझ्याकडे बघून तिने ती बर्फाच्या कप्प्यात कोंबली.

जयंतीच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे येऊ लागले. सरबताला बर्फ हवा होता आणि बर्फाचा कप्पा सरांच्या विज्ञानाने भरलेला. आईने फार विचार केला नाही. पिशवी उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांपुढे रिकामी केली.

सर चार दिवसांनी नमुने न्यायला आले. चहा घेतला, पिशवी मागितली. मी बिस्किटांची बशी पुढे केली. आईने मात्र जे झालं ते सरळ सांगितलं, वर म्हणाली, "लई चिवट होतं तुमचं. कुत्री दोन्हीकडून ओढत बसली होती."

मला वाटलं, आता सर कोसळणार. महिन्याभराची मेहनत होती. त्यांनी कप खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि पुढे सरकून विचारलं, "किती वेळ ओढत होती? आणि तुटलं ते मधूनच तुटलं की दातांपाशी?"

 ते गेल्यावर आई म्हणाली, "याच्या बायकोला माझा नमस्कार सांग."

त्यानंतरच्या थंडीत गॅदरिंग होतं. शिक्षक विरुद्ध विद्यार्थी अशी रस्सीखेच ठरली. सर दोरखंडांचे जाणकार, म्हणून त्यांनी स्वतःहून सर्वांत मागची जागा घेतली, दोर कमरेला गुंडाळला आणि पाय कुठल्या कोनात रोवायचे यावर आम्हा सगळ्यांना व्याख्यान दिलं. शिट्टी वाजली. विद्यार्थ्यांनी कोनाचा विचार न करता ओढलं. सर ओरडले आणि वळून मागे पाहू लागले. त्यांच्या टाचेवर कुणीतरी दगड मारला होता म्हणे. मागे कुणी नव्हतं, लांबवर आईस्क्रीमची हातगाडी तेवढी होती. तरी सरांनी तिच्याजवळच्या दोन मुलांना ऑफिसमध्ये पाठवलं.

मग ते खाली बसले, टाचेच्या वर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी वेदना, मग शंका आणि मग, मी स्वतः पाहिलं म्हणून सांगते, आनंद. खड्डा लागत होता, पण पूर्ण नाही. "मॅडम," ते मला म्हणाले, "अर्धवट आहे."

उल्हासनगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना नेलं. वहिनी शाळेतून परस्पर आल्या. डॉक्टरांनी सरांना पालथं झोपवलं, पोटरी दाबली. पाऊल थोडंसं हललं. अर्धी कंडरा शिल्लक आहे, असं डॉक्टर म्हणाले. पाऊल खाली वाकवून प्लास्टर घालू, दीड-दोन महिने टेकवायचं नाही. सर उठून बसले. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कागद ओढून त्यावर त्यांनी आलेख काढला, तुटलेले तंतू भार कसा परत उचलतात ते सांगितलं आणि आपल्या वजनाच्या माणसाला चालायला एवढी कंडरा पुरते, असा हिशोब मांडला. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर," ते म्हणाले, "पूल पडला तर मी तुमच्याकडे येईन. पाय पडलाय, तुम्ही माझ्याकडे आलात. प्लास्टर घालू या."

सरांनी घालू दिलं नाही. प्लास्टर घालणं म्हणजे वीस वर्षांचं काम खोटं आहे यावर स्वतःच्या पायाने सही करणं, असं त्यांना वाटलं. वहिनींनी एकदाच सांगून पाहिलं, की तुमचं काम बकऱ्यावर आहे, तुम्ही बकरा नाही. मग त्यांनी रिक्षा बोलावली.

सर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा बुटात टाचेखाली घालून कॉलेजला येऊ लागले. आता ते स्वतःच प्रयोग होते आणि प्रयोगाला प्रेक्षक हवेत. स्टाफरूममध्ये शिरताना दारात क्षणभर थांबायचे, सगळ्यांनी वर पाहिलं की मग चालायचे. पंधरा दिवसांत चालणं खरंच सुधारलं. प्राचार्यांनी अभिनंदन केलं. सरांनी त्या हाडांच्या डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं.

मला एक गोष्ट खुपत होती. मी त्यांची समीकरणं घरी नेऊन वाचली होती. बकऱ्याची कंडरा पकडीत लावायची, तुटेपर्यंत एकदा ओढायची, आकडा लिहायचा. सगळं काम त्या एका ओढीचं. पण माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला ओढ बसते, आणि कंडरा ओलसर, जिवंत गोष्ट. ती दर वेळी थोडी लांबते, थोडी झिजते. जी एकदा ओढून तुटत नाही, ती रोज थोडी थोडी ओढून तुटू शकते. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे सांगितलं.

"सर, या समीकरणांत काळ कुठेच नाही."

त्यांनी डबा बंद केला. माझ्याकडे त्यांनी अशा मायेने पाहिलं, की मला तो बंद डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. "बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले. "पहिल्या आवृत्तीत काळ धरलेला नाही."

हे वाक्य स्टाफरूमने लगेच उचललं. इमारत कधी होणार, आम्हाला कायम कधी करणार, असं कुणी विचारलं, की दुसरा म्हणायचा, पहिल्या आवृत्तीत काळ धरलेला नाही. सरही आमच्याबरोबर हसायचे. त्यांना वाटायचं, आपलं काम लोकांपर्यंत पोहोचतंय.

सर बुटके होते, पण फळ्यावर लिहायला सुरुवात अगदी वरच्या कडेपासून करत. फळा वाया घालवलेला त्यांना खपत नसे. एका सकाळी ते दुसऱ्या वर्षाला शिकवत होते आणि मी शेजारच्या शेडमध्ये होते. मधल्या पत्र्यातून सगळं ऐकू यायचं. सरांचा आवाज चालू होता, मग खडूचा आवाज, मग सुकी फांदी मोडावी तसा एक आवाज आणि मग शांतता. त्या वर्गात शांतता कधीच नसायची, म्हणून मी धावले.

सर प्लॅटफॉर्मवर बसले होते. चवड्यांवर उभं राहून वरची ओळ लिहीत असताना झालं होतं. मुलं बाकांवरून उठून उभी होती, जवळ जायला कुणाची छाती होत नव्हती. सरांचा चेहरा खडूसारखा झाला होता. त्यांनी मला बोलावलं, पँट वर केली आणि पोटरी दाबा म्हणाले. मी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली. नाहीच.

"झालं," सर म्हणाले. "आता मॉडेल लागू नाही."

मी हसले नाही. हसायला खूप होतं त्यात, पण ते पँट तशीच वर धरून बसले होते. मुलांनी त्यांना एका बाकावर निजवलं आणि बाकासकट रस्त्यापर्यंत उचलून नेलं. गॅदरिंगच्या दिवशी ज्यांना ऑफिसमध्ये पाठवलं होतं, त्यातला एक बाकाचा पुढचा पाय धरून होता.

ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी केलं. ते काहीच बोलले नाहीत, हे सरांना फार लागलं. बोलले असते तर वाद घालता आला असता. मांडीपर्यंत प्लास्टर, महिनोन्‌महिने घर. वहिनी शाळेत जाण्याआधी त्यांचं सगळं करायच्या आणि निघताना कागद-पेन त्यांच्या हाताशी ठेवायच्या. सर लिहीत होते.

पुढच्या वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. थिसिसची एक प्रत त्यांनी मला दिली, हिरव्या बांधणीची. मी शेवटून वाचायला लागले. परिशिष्टात एक रुग्ण होता. मध्यमवयीन पुरुष, टाचेची कंडरा अर्धवट तुटलेली. वैद्यकीय सल्ला न मानता हा रुग्ण हिंडत राहिला, त्यामुळे कंडरा पूर्ण तुटली. यात मॉडेलचा दोष नसून रुग्णाच्या वर्तनाचा आहे, असं सरांनी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं. त्याआधी एक नवं प्रकरण होतं, काळावर. त्याची सुरुवात अशी, की काळाचा विचार आवश्यक असल्याचे प्रस्तुत लेखकाच्या लक्षात आले. मग मी पहिलं पान उघडलं. आभार संस्थेच्या अध्यक्षांचे होते, प्राचार्यांचे होते, तिन्ही गाईडचे होते, कॅम्प दोनच्या वर्कशॉपचेही होते. माझे नव्हते. माझ्या आईचेही नव्हते.

मी प्रत घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "सर, हा परिशिष्टातला रुग्ण कोण?"

"आहे एक ओळखीचा," सर म्हणाले. "फार हट्टी माणूस."

"त्याला कुणी सांगितलं नव्हतं?"

सरांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा घातलं. "सांगितलं होतं एका बाईंनी. त्याने ऐकलं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण असं थिसिसमध्ये लिहिता येत नाही हो मॅडम." यापलीकडे मला त्यांच्याकडून काही मिळालं नाही. मिळेल असं वाटलंही नव्हतं.

डिग्री मिळाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं, ते म्हणजे बदलापूरच्या घरावर नवी पाटी लावली. नावाआधीचं "डॉ." नावाहून मोठं. पेढे खायला आम्ही काहीजण त्या रविवारी गेलो होतो. वहिनी बशा भरत होत्या, तेवढ्यात अंगणात एक माणूस लंगडत आला. जवळच्याच गावातला शेतकरी. बांधावरून उडी मारताना पायात काहीतरी झालं होतं. पाटी वाचून आला होता. सर पेढा बशीत ठेवून उठले. हे डॉक्टर वेगळे, असं वहिनी सांगू लागल्या, पण सरांनी त्यांना हाताने थांबवलं.

त्याला ओट्यावर पालथं झोपवून सरांनी पोटरी दाबली. पाऊल थोडंसं हललं. सरांचे डोळे चमकले. आवाज आला होता का, असं त्यांनी विचारलं.

"आला ना," तो म्हणाला. "मना वाटला, कोनी दगडच मारला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता आणि वहिनी दारात बशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता आलेख निघणार. सरांनी त्याला विचारलं, दिवसाकाठी किती चालणं होतं. तो म्हणाला, किती म्हणून सांगू, शेत आहे, म्हशी आहेत, बसून कसं चालेल. सर पेन धरून नुसते उभे राहिले. मग त्यांनी ते परत खिशाला लावलं.

"एक पाऊल टाकू नका," ते म्हणाले. "आत्ता रिक्षाने उल्हासनगरला जायचं. ते डॉक्टर प्लास्टर घालतील, ते म्हणतील तितके दिवस ठेवायचं. वाद घालायचा नाही." मग त्यांनी स्वतः लंगडत जाऊन रिक्षा आणली, त्याला बसवलं आणि रिक्षा सुटताना आत डोकं घालून सांगितलं, की प्लास्टर काढल्यावर इकडे या, मला मोजमापं घ्यायची आहेत.

तो माणूस बरा झाला. सरांनी त्याची वाट पाहिली, पकडी धुऊन ठेवल्या, एक छोटा वजनकाटाही आणला. उन्हाळा सरत आला तेव्हा त्याची बायको लोटाभर दूध घेऊन आली. पाय चांगला आहे, भात लावायला उभा राहील, असं तिने सांगितलं; पण ओढून बघायला म्हणून काही तो यायचा नाही, तेवढी माफी असावी.

सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते खरोखर दुखावले होते. "मॅडम," ते म्हणाले, "पेशंट इतके स्वार्थी असतील, तर विज्ञान पुढे जायचं कसं?"